कळ दाबण्यापूर्वीं

(एक माजी विद्यार्थी)

आपल्या शाळेच्या वार्षिक अंकासाठीं छायाचित्रणावर कांहीं तरी लिहावें असा संपादक-मंडळानें आग्रह धरला, तेव्हां मी प्रथम संकोचलों. माझें आयुष्य काळ्या कापडाखालीं डोकें घालण्यांत आणि लाल दिव्याच्या कोठडींत कागद धुण्यांत गेलें. लेखणीचा व माझा संबंध पावतीपुस्तकापलीकडे फारसा आलेला नाहीं. परंतु गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नववीच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं मला गांठून विचारलें, “काका, चांगला फोटो काढायला कोणता मोबाइल घ्यावा?” त्या वेळीं मीं हंसून वेळ मारून नेली. घरीं गेल्यावर मात्र वाटलें, कीं मनापासून विचारलेला प्रश्न हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. त्याचें उत्तर आज सावकाशपणें देत आहें.

माझें उत्तर असें, कीं जो तुमच्या घरीं आहे तोच पुरे. चांगल्या छायाचित्राला यंत्र लागतें, प्रकाश लागतो, थोडा धीरही लागतो. परंतु या सर्वांच्या आधीं, ज्याचें छायाचित्र घ्यावयाचें त्याच्याकडे नीट पाहावें लागतें. हें वाक्य फार सोपें दिसतें. तें मला शिकावयास मात्र फार महाग पडलें, आणि त्याची किंमत मीं नव्हे, दुसऱ्याच कोणी दिली.

१९८३ सालीं मी नुकताच स्वतंत्र धंदा करूं लागलों होतों. एका शाळेच्या दहावीच्या वर्गाचें सामुदायिक छायाचित्र काढण्याचें काम मला मिळालें. मुलें पन्नासांच्या वर होतीं. पुढें जमिनीवर एक रांग, मागें खुर्च्यांवर शिक्षक व पाहुणे, त्यांच्या मागें उभी रांग आणि सर्वांत मागें बांकांवर चढलेली रांग, अशी नेहमींची मांडणी केली. दुपार झाली होती, ऊन डोक्यावर आलें होतें, आणि मला दुसऱ्या गांवीं एका लग्नास पोंचावयाचें होतें. माझें सारें लक्ष मध्यभागीं बसलेल्या पाहुण्यांकडे होतें. कारण पैसे तेथून यावयाचे होते. त्यांच्या उपरण्याची घडी मीं स्वतः जाऊन सारखी केली. मग “इकडे पाहा” म्हणून कळ दाबली, खबरदारी म्हणून आणखी एकदां दाबली, आणि सामान आवरलें. प्रती वेळेवर पोंचल्या. कोणाचीही तक्रार आली नाहीं.

दोन वर्षांनीं एके सकाळीं एक बाई दुकानाच्या पायरीशीं येऊन उभ्या राहिल्या. शेतावर मोलमजुरी करणाऱ्या असाव्यात. पदराखालून त्यांनीं तेंच छायाचित्र काढलें; शाळेंतून मागून आणलें होतें. शेवटच्या रांगेंत उजवीकडे एके ठिकाणीं बोट ठेवून त्या म्हणाल्या, “दादा, ह्यो कान माज्या लेकाचा. त्याचं तोंड कुठं हाय?”

मुलगा तापानें गेला होता. त्याचें दुसरें छायाचित्र नव्हतें. मीं काच काढली, भिंगाखालीं धरली, दुसरीही काच पाहिली. दोन्हींत पुढच्या उंच मुलाच्या खांद्यामागें तो पुरता झांकला गेला होता. दिसत होता तो एक कान आणि थोडे केस. त्या काळीं आम्ही लोक ब्रशानें फुटकी प्रत दुरुस्त करीत असूं, मिटलेले डोळे उघडीत असूं. तसें कांहीं करून देतों, असें मीं म्हटलें. त्या म्हणाल्या, “मग त्यो माजा कुठं ऱ्हाईल?” मीं त्यांना एक मोठी प्रत काढून दिली आणि पैसे घेतले नाहींत. परंतु पैसे न घेणें ही कांहीं भरपाई नव्हे.

आतां विचार करा, त्या चित्रांत छायाचित्रणकलेच्या दृष्टीनें काय चुकलें होतें? प्रकाश ठीक होता, रेखीवपणा होता, पाहुण्यांच्या उपरण्याची घडी तर फारच सुरेख आली होती. चूक एवढीच, कीं मीं पन्नास मुलांचें छायाचित्र घेतलें आणि पन्नास मुलांकडे पाहिलें नाहीं. तेव्हांपासून माझा एक नेम आहे. कळ दाबण्यापूर्वीं मी सर्वांना सांगतों, “तुमच्या दोन्ही डोळ्यांना माझें भिंग दिसतें आहे ना? ज्याला भिंग दिसत नाहीं, त्याला भिंगही पाहूं शकत नाहीं.” मग डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा मोजतों. यास दोन मिनिटें लागतात. त्या दिवशीं तेवढीं दोन मिनिटें माझ्यापाशीं नव्हतीं.

कित्येकांचा असा समज असतो, कीं कॅमेरा खोटें बोलत नाहीं. तो खोटें बोलत नसेल. परंतु तो काय गाळतो हें तो सांगत नाहीं. याचें उदाहरण या कलेच्या जन्मकाळींच सांपडतें. फ्रान्समधील निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणारें दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटविलें. त्यास इतके तास लागले, कीं सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला आणि घरांच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेलें दिसूं लागलें. त्याचा सहकारी दागेर यानें ही रीत पुष्कळ सुधारली, आणि १८३९ सालीं फ्रेंच सरकारनें ती सर्व जगासाठीं खुली केली. त्याच्या आदल्याच वर्षीं दागेरनें पॅरिसमधील एका रुंद रस्त्याचें चित्र घेतलें होतें. तो रस्ता गाड्याघोड्यांनीं व माणसांनीं गजबजलेला असे. परंतु चित्रांत तो ओसाड दिसतो. कारण चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत, आणि जो हालला तो पुसला गेला. त्या साऱ्या रस्त्यांत एकच गृहस्थ स्पष्ट उमटला. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं उभा होता. त्याच्या पायांशीं वांकलेला पॉलिश करणाराही अंधुक दिसतो. छायाचित्रांत आलेलीं हीं बहुधा पहिलीं माणसें. त्यांचीं नांवें जगाला ठाऊक नाहींत. मला त्या चित्राकडे पाहतांना नेहमीं वाटतें, कीं जे उमटले नाहींत तेही त्या दिवशीं रस्त्यांत होतेच. चित्रांत नाहीं म्हणजे जगांत नव्हता, असें म्हणण्याची घाई कोणीं करूं नये.

ही विद्या आपल्या देशांत फार लवकर आली. १८५४ सालींच मुंबईंत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नांवाजलेल्या हिंदी छायाचित्रकारांत होते. पुढें काचा गेल्या व फिल्म आली. १८८८ सालीं अमेरिकेंत शंभर चित्रांची गुंडाळी घातलेला कोडॅक कॅमेरा निघाला आणि घरोघरचीं माणसें चित्रें काढूं लागलीं. १९७५ सालीं त्याच कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्यास एक चित्र नोंदावयास तेवीस सेकंद लागत. आज तुमच्या वडिलांच्या खिशांतील मोबाइल तेंच काम डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत करितो.

मी या नव्या साधनांना नांवें ठेवणारा नाहीं. माझ्या तरुणपणीं बारा चित्रांचें रीळ घेतांना खिसा चांचपून पाहावा लागे. गरिबाच्या घरीं जन्मभरांत दोनच छायाचित्रें निघत, एक लग्नाचें आणि एक मृत्यूनंतर भिंतीवर टांगण्यासाठीं. त्या बाईच्या घरीं आजच्यासारखा एखादा साधा मोबाइल असता, तर तिला माझ्या दारीं यावें लागलें नसतें. तेव्हां चित्रें स्वस्त झालीं हें फार चांगलें झालें. पण बारा चित्रांच्या त्या रिळानें आम्हांला एक संवय लाविली होती. कळ दाबण्यापूर्वीं आम्ही मनाशीं विचारीत असूं, ‘हें चित्र कशासाठीं?’ आज चित्राला पैसे पडत नाहींत. म्हणून तो प्रश्न आपण होऊन विचारावा लागतो, एवढाच काय तो फरक.

मुलांनीं मला कलेबद्दल विचारलें होतें, म्हणून दोन गोष्टी हाताच्याही सांगतों. पहिली गोष्ट प्रकाशाची. भर दुपारचें ऊन डोक्यावरून पडतें. त्यामुळें भुंवयांची सावली डोळ्यांत येते आणि हंसरा मुलगाही आजारी दिसतो. याकरितां सकाळीं लवकर किंवा उन्हें कलल्यावर चित्र घ्यावें. तें शक्य नसेल तर माणसांना इमारतीच्या सावलींत आणून, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून बसवावें. सावलींतला मऊ उजेड गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच शोभतो.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. कॅमेऱ्यांतील प्रकाश मोजणारें साधन समोरचें सर्व जग साधारण करड्या रंगाचें आहे, असें धरून चालतें. शाळेच्या समूहांत पन्नास पांढरे सदरे असतात. तो पांढरा रंग पाहून यंत्राला वाटतें, उजेड फार झाला. तें उजेड कमी घेतें, आणि आपले सांवळे चेहरे काळे ठिक्कर पडतात. मग लोक म्हणतात, मुलगा काळा आला. मुलाचा कांहीं दोष नाहीं. छायाचित्रकारानें चेहऱ्याऐवजीं सदरा मोजला! आम्ही चेहऱ्याजवळ जाऊन उजेड मोजीत असूं. तुम्हीं मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागीं बोट टेंकलें तरी बहुधा तेंच काम होतें. सदऱ्याचा पांढरेपणा थोडा उडाला तर उडूं द्या. चेहरा जाऊं देऊं नका. हा नियम मला कॅमेऱ्याबाहेरही पुष्कळदां उपयोगी पडला आहे.

आतां जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतों. माझी आजी कधींही छायाचित्र काढूं देत नसे. फोटो काढला म्हणजे आयुष्य कमी होतें, असें ती म्हणे. आम्ही नातवंडें तिला हंसत असूं. तिचें शास्त्र चुकीचें होतें. तरी त्यांत एक खरी गोष्ट होती, असें आतां वाटतें. छायाचित्र घेणारा माणूस दुसऱ्याचें कांहीं तरी घेऊन जातो. आयुष्य नव्हे, परंतु त्याचें रूप, त्याचा एक क्षण, आणि कधीं कधीं त्याची लाज. म्हणून तें विचारूनच घेतलें पाहिजे, आणि घेतल्यावर ठेव म्हणून सांभाळलें पाहिजे.

१९४६ सालीं मार्गारेट बर्क-व्हाइट ही विख्यात अमेरिकन छायाचित्रकार महात्मा गांधींचें चरख्याजवळ बसलेलें चित्र घ्यावयास आली. गांधीजींच्या चिटणिसांनीं तिला सांगितलें, कीं प्रथम तुम्ही सूत कातावयास शिका, मग चित्र घ्या. जगभर फिरलेल्या त्या बाईनें हातांत पेळू धरला आणि धडा घेतला. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याचें काम काय आहे हें आधीं समजून घ्यावें, असाच त्या अटीचा अर्थ मी समजतों. तें चित्र आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्याच्यामागें हा सूतकताईचा धडा होता, हें थोड्यांनाच माहीत असतें.

याच्या उलट एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढें घडला. एका मंडळातर्फें गरीब मुलांना वह्या वांटण्याचा समारंभ होता. वह्या देणाऱ्या गृहस्थांनीं वहीचें एक टोंक धरलें, दुसरें टोंक एका आठ-नऊ वर्षांच्या मुलानें धरलें, आणि गृहस्थ माझ्याकडे पाहूं लागले. माझा फ्लॅश पेटला नाहीं. पुन्हां धरावयास सांगितलें. मध्येंच कोणी तरी आडवें गेलें. तिसऱ्या वेळीं मीं “थांब, सोडूं नकोस” असें म्हटलें, तेव्हां तो मुलगा मान खालीं घालून हळूच म्हणाला, “काका, आतां घेऊं का वही?” मीं चित्र घेतलें, कारण त्यासाठींच मला बोलाविलें होतें. परंतु त्या दिवसापासून हातांत दान घेणाऱ्याचा चेहरा टिपण्याचें काम मीं घेतलेलें नाहीं. देणाऱ्याला चित्र हवेंच असेल तर मी वह्यांचा गठ्ठा काढून देतों. त्यापायीं चार गिऱ्हाइकें गेलीं. त्याचें मला दुःख नाहीं.

यावर कोणी विचारील, कीं मग दुःखाचें चित्र काढूंच नये काय? मी असें म्हणत नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें बळी पडलीं. तेथें मातींत पुरल्या जाणाऱ्या एका लहानग्या बालकाचा चेहरा रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू यांनीं टिपला. त्या बालकाचें नांव जगाला कळलें नाहीं, परंतु तो चेहरा पाहून त्या अनर्थाची खरी ओळख जगाला पटली. तीं चित्रें घेतलीं नसतीं तर तें मौन अपराधाच्या बाजूचें झालें असतें. म्हणून भेद दुःखाचा नाहीं, हेतूचा आहे. ज्याचें दुःख आहे त्याच्या बाजूनें आपण उभे आहों, कीं त्याच्या दुःखावर आपली शोभा करितों आहों, हें कळ दाबणाऱ्यानें स्वतःला विचारावें. रस्त्यांत अपघात झाला असतां जखमी माणसाला उचलण्याऐवजीं जो मोबाइल उचलतो, त्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं. वर्गांतील एखादा सोबती पडला, रडला, किंवा त्याचा सदरा फाटला, म्हणजे त्याचें चित्र काढून चार जणांना पाठविणाऱ्यालाही तें देतां येणार नाहीं. मुलांनो, तुमच्याच भाषेंत सांगतों: जें चित्र तुम्ही त्याच्या आईला दाखवूं शकणार नाहीं, तें काढूं नका.

होमाई व्यारावाला यांचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाई भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होत. स्वातंत्र्याच्या उदयकाळचे किती तरी प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्यानें आपल्यासाठीं राखून ठेविले. १९७० सालीं त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला तो कायमचाच. नव्या पिढींतील छायाचित्रकारांची वागणूक आपणांस रुचत नाहीं, असें त्या सांगत. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें आणि २०१२ सालीं त्या निवर्तल्या. हातांत कसब असूनही ज्या धंद्यांत अदब राहिली नाहीं तो सोडावा, एवढा ज्यांचा मान, त्यांच्या चित्रांतील माणसेंही तशींच मानानें उभीं आहेत, यांत आश्चर्य तें काय?

पालकांनाही एक विनंती आहे. पूर्वीं आम्ही कागद हायपोच्या पाण्यांतून काढून पुष्कळ वेळ वाहत्या पाण्यांत धूत असूं. ज्यानें धुण्यांत आळस केला त्याचीं चित्रें थोड्याच वर्षांत पिवळीं पडत. ज्यानें नीट धुतलीं त्याचीं चित्रें नातवंडें पाहतात. आज धुण्याचा त्रास नाहीं, पण जपण्याचा कंटाळा तोच आहे. हजारों चित्रें मोबाइलमध्यें असतात, आणि मोबाइल पाण्यांत पडला कीं मुलाचें सारें बाळपण त्याबरोबर बुडतें. माझ्याकडे असे रडवेले आईबाप कितीदां तरी येतात. याकरितां वर्षांतून एकदां, मुलाच्या वाढदिवशीं म्हणा, पांच चित्रें निवडून कागदावर छापून घ्या. पाठीमागें मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें, गांव व तारीख लिहा. आपल्याला सर्व चेहरे ओळखूं येतात म्हणून आपण नांवें लिहीत नाहीं. पन्नास वर्षांनीं त्यांना ओळखणारे आपण नसतों.

या जानेवारींत दहावीच्या वर्गाचें सामुदायिक छायाचित्र काढावयास मी शाळेंत येणार आहें. आतां मला मोजावयास पूर्वींपेक्षां अधिक वेळ लागतो; दृष्टि मंद झाली आहे. तेव्हां विद्यार्थ्यांनीं मला थोडी मदत करावी. मी “इकडे पाहा” असें म्हणेन, त्यापूर्वीं प्रत्येकानें एकवार आपल्या मागें वळून पाहावें. आपल्या खांद्याआड कोणी झांकला जात असेल, तर थोडें बाजूस सरावें. मग मी खुशाल कळ दाबीन.